गोड पाण्याचं मीठ

वाचकांचे प्रश्न, पाण्याबद्दल

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या वाचकांना पाण्याबद्दल जे विचारायचं असेल ते खुशाल विचारा. एकतीस वर्षं माती-पाण्याच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धरून उभी होते, तेव्हा चार उत्तरं जमतील असा माझा समज. पत्रं भरपूर आली. तीन जणांनी तर पत्राऐवजी पाणीच पाठवलं. त्यातली एक बाटली खोकल्याच्या औषधाची, तळाशी गुलाबी थर तसाच. त्या पाण्यात साखर सापडेल, नदी काही सापडणार नाही. कृपा करून पाणी पाठवू नका, मी आता निवृत्त आहे आणि घरात फक्त चहाचं आधण टाकते. रिपोर्टचा फोटो पाठवा. आणि पाणी नेमकं कुठून, कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कशात भरलं, हे लिहा. नुसत्या आकड्यावरून सांगणं म्हणजे नुसता ताप सांगून आजार विचारण्यासारखं आहे.

मॅडम, पंचगंगेवर आमच्या संस्थेची उपसा योजना आहे. माझा साडेतीन एकर ऊस. दोन वर्षं झाली, खालच्या एकरभर रानात मीठ फुटलंय, लागण उगवतच नाही. पाणी तपासून आणलं तर 'सिंचनास उत्तम' असा शेरा, ईसी 0.21. मग एवढं मीठ आलं कुठून? पाण्याचा रिपोर्ट खोटा का मातीचा?
*शेतकरी, ता. शिरोळ*

दोन्ही खरे आहेत. (इतरांसाठी: ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचं माप. क्षार जितके जास्त, तितका आकडा मोठा.) तुमच्या पाण्याच्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची तारीख बघा: 14 ऑगस्ट. ऑगस्टमध्ये पंचगंगेतून काय वाहतं? राधानगरी-गगनबावड्याकडं कोसळलेला पाऊस. तो कातळावरून धावत येतो, त्याला क्षार विरघळवायला सवडच मिळत नाही. तेव्हा 0.21 बरोबरच आहे. पण ऑगस्टमध्ये तुमची मोटर चालू होती का? तुम्ही जे पाणी उसाला देताच नाही, त्याचा दाखला घेऊन बसला आहात.

तुमची मोटर चालते दिवाळीच्या आसपास ते मृगापर्यंत. तेव्हा बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसलेले असतात, पाणी तुंबलेलं असतं, आणि नदीत भर पडते ती दोन्ही काठांच्या रानांतून झिरपून ओढ्या-नाल्यांनी उतरलेल्या पाण्याची. एप्रिलच्या शेवटी, मोटर अर्धा तास चालल्यावर, जॅकवेलच्या (नदीकाठच्या उपसा विहिरीच्या) पाइपच्या तोंडाशी बाटली भरा. त्या आधी ती त्याच पाण्यानं तीनदा विसळा. मग आकडा कळवा. माझा अंदाज, दुप्पट तरी येईल.

आता गंमत अशी की दुप्पट आला, म्हणजे 0.4 आला, तरी शेरा 'चांगलं'च राहणार. 0.25 ते 0.75 हा मध्यम वर्ग, निचरा असेल तर बिनधास्त वापरा असं सगळीकडं लिहिलेलं असतं. त्यातला 'निचरा असेल तर' हा तुकडा कोणी वाचत नाही. म्हणून हिशेब मांडून दाखवते, चहाचा कप बाजूला ठेवून वाचा.

ईसी 0.4 म्हणजे लिटरमागं साधारण पाव ग्रॅम क्षार. चिमूटभरच, जिभेला कळायचंसुद्धा नाही. उसाला सरीनं पाणी देताना वर्षाला दोन मीटर उंचीचं पाणी सहज जातं (तुमच्याकडं जास्तच जात असणार, वीज रात्री येते आणि मोटर चालू ठेवून माणूस झोपतो). एकराचं क्षेत्र सुमारे 4,000 चौरस मीटर. दोन मीटर पाणी म्हणजे 8,000 घनमीटर, म्हणजे 80 लाख लिटर. त्याला पाव ग्रॅमनं गुणा. दोन हजार किलो. पन्नास किलोची चाळीस पोती मीठ तुम्ही स्वतःच्या हातानं, पैसे मोजून, दर वर्षी एकरात टाकता. ऊस पाणी पितो, मीठ जवळजवळ सगळं रानातच ठेवतो. ऊन पाणी उडवतं, तेही मीठ घेऊन जात नाही. चाळीस पोत्यांतलं किती खाली निचरून गेलं आणि किती राहिलं, एवढाच काय तो प्रश्न.

कोकणात भाताच्या खाचरांवर एवढा पाऊस पडतो की सगळं धुऊन जातं. गगनबावड्याच्या मानानं शिरोळचा पाऊस म्हणजे शिंतोडेच. शिवाय तुमची काळी माती, भिजली की फुगून भेगा बंद करणारी. पाणी खाली जातच नाही, वर्षागणिक पातळी चढत येते. एकदा का भूजल चार-पाच फुटांच्या आत आलं, की ते दिव्याच्या वातीसारखं वर चढतं, पृष्ठभागावर उडून जातं आणि मीठ तिथंच सोडतं. पांढरं दिसतं ते हे. वरच्या अडीच एकरांत नाही आणि खालच्याच एकरात का? कारण वरच्या रानांचंच नव्हे, तुमच्या वरच्या अंगाच्या चार शेजाऱ्यांचंही झिरपलेलं पाणी उताराला येऊन तिथं थांबतं. शेजाऱ्याशी भांडण उकरून काढू नका, तोही कोणाच्या तरी खालीच असणार.

आणखी एक पायरी आहे आणि खरा घोळ तिथं होतो. आपल्या काळ्या कातळावरून येणाऱ्या पाण्यात मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट. रानात पाणी आटत गेलं की कॅल्शियम चुना होऊन खाली बसतो. विहीर खणताना पांढरे, दाताखाली करकरतील असे खडे निघतात ना, तीच चुनखडी. कॅल्शियम असा निघून गेला की द्रावणात मागं राहतो सोडियम. तो चिकणमातीच्या कणांवरची कॅल्शियमची जागा बळकावतो आणि मग माती मोडते. ओली असताना लोण्यासारखी चिकट, वाळली की दगड. आमच्याकडं तिलाच चोपण म्हणतात. मिठाचं रान धुऊन निघतं. चोपण रान नुसत्या पाण्यानं धुवायला गेलात तर आणखी बिघडतं, कारण मीठ गेलं की मातीचे कण सुटे होऊन सगळी छिद्रं बुजवतात.

तुमचं रान यांतलं कोणतं, हे घरी बघता येतं. सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या. काचेच्या पेल्यात बॅटरीत घालायचं पाणी किंवा पावसाचं धरलेलं पाणी घ्या, नदीचं नको. ढेकूळ अलगद सोडा आणि हात लावू नका. ढवळायचं नाही, नातवंडांना ढवळू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. ढेकूळ विरघळून तळाशी बसलं आणि वरचं पाणी नितळ असेल, तर खारवट. ढेकळाभोवती दुधाचा धूर निघाल्यासारखा ढग असेल आणि पाणी गढूळ ते गढूळच राहिलं असेल, तर चोपण. मी नोकरीला लागले त्या पहिल्या पावसाळ्यात आमच्या साहेबांनी हे करून दाखवलं, तेव्हा मला वाटलं होतं की एवढी यंत्रं कशाला घेतली मग. यंत्रं लागतात, पण किती जिप्सम घालायचं ते ठरवायला.

होय, चोपणाला जिप्सम. त्यातला कॅल्शियम सोडियमला मातीवरून हुसकावतो. पण हुसकावलेल्या सोडियमला बाहेर जायला दार हवं. निचऱ्याशिवाय जिप्सम टाकणं म्हणजे घर झाडून केर सोफ्याखाली ढकलणं. दर वर्षी जिप्सम टाकून 'काही फरक नाही मॅडम' म्हणणारे मला कमीत कमी शंभर भेटले असतील. त्यांतल्या बहुतेकांच्या रानाला चर नव्हता. खरा उपाय म्हणजे जमिनीखालून सच्छिद्र पाइपांचा निचरा: साधारण एक-सव्वा मीटर खोलीवर छिद्रांच्या नालीदार पाइपा टाकायच्या आणि पाणी मोठ्या चरात काढायचं. एकट्या एकरासाठी ते होत नाही, ओढ्यापर्यंत वाट लागते आणि वाटेत दहा जणांची रानं येतात. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनींचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. एक चक्कर मारा, पाइपा प्रत्यक्ष बघा. तोपर्यंत ताग किंवा धैंचा गाडा, आणि पाणी निम्म्यावर आणा. वाफसा येईपर्यंत थांबायचं, हे तुमच्या आजोबांना माहीत होतं.

मातीच्या रिपोर्टबद्दल एक. तुमच्या कागदावर मातीची ईसी 1.9 आहे आणि तुम्ही विचारताय की पुस्तकात 4 च्या वर खारवट म्हणतात, मग माझी कशी? पुस्तकातला 4 हा मातीच्या चिखलातून ओढून काढलेल्या पाण्याचा आहे. तुमचा 1.9 हा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी करून मोजलेला, म्हणजे पातळ केलेला. दोन्ही एका तराजूत घालू नका. 1.9 वाईटच आहे.

आणि निचरा केलात की तुमचं मीठ ओढ्यानं नदीत जाणार आणि खालच्या गावाच्या जॅकवेलमध्ये शिरणार, हेही खरं. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्या खोऱ्यात पाणथळ आणि खारवट रानांचा बोभाटा झाला होता. तेव्हाही गोड पाणीच दिलं होतं. आपण त्याच वाटेनं शंभर वर्षं उशिरा चाललोय, फक्त पाट जाऊन मोटर आली.

ताई, आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट 78 आलंय. घरात सुनेचं तीन महिन्यांचं बाळ आहे. आम्ही त्याला पाणी उकळून, गाळून, थंड करून चमच्यानं देतो. चालेल ना?
*एक आजी, ता. वाळवा*

नाही चालणार, आणि आजपासून बंद करा. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट उडून जात नाही. उलट पाणी आटतं आणि उरलेल्यात ते वाढतं. तुम्ही जितकं मनापासून उकळताय तितकं वाईट करताय, यात तुमचा दोष नाही, हे कोणी सांगतच नाही.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची आपली मर्यादा लिटरमागं 45 मिलीग्रॅम. एकदा प्रयोगशाळेला विचारा की 78 हे 'नायट्रेट' म्हणून दिलंय की 'नायट्रेटमधला नायट्रोजन' म्हणून. दुसरं असेल तर साडेचारपट करावं लागेल आणि मग त्या विहिरीवर कुलूपच घाला. लहान बाळाच्या पोटात या नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद हिरावून घेतं. ओठ, नखं निळसर दिसली तर वाट न बघता दवाखाना गाठा. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय बाळाला पाणीसुद्धा नको, घुटीही नको, हे डॉक्टर सांगतात ते ऐका. वरचं दूध द्यावं लागत असेल तर त्यासाठी पाणी दुसरीकडचं आणा, तपासलेलं. तुरटी, क्लोरीन, मेणबत्तीचा फिल्टर, निळ्या दिव्याचं यंत्र, यांतलं काहीही नायट्रेट काढत नाही. आरओ काढतं.

आता विहिरीत आलं कसं? तुम्ही लिहिलंय की विहिरीच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला गोठा. उत्तर पत्रातच आहे. युरियाची गोणी 45 किलोची, त्यात नायट्रोजन 46 टक्के, म्हणजे जवळजवळ 21 किलो. युरियाचा मातीत आधी अमोनियम होतो, तो चिकणमाती धरून ठेवते. मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि नायट्रेटला माती धरत नाही, पाणी जाईल तिकडं ते जातं. समजा वीस फूट व्यासाच्या विहिरीत तेवीस फूट पाणी आहे, म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. एका गोणीतला फक्त दहावा हिस्सा नायट्रेट होऊन तीत उतरला, तरी त्या एवढ्या पाण्याचा आकडा 45 वर जातो. एका गोणीचा दहावा हिस्सा! आणि आपण एकरी किती गोण्या फेकतो, त्याही भरणीच्या आदल्या संध्याकाळी फेकून वर सरीभर पाणी सोडतो.

युरिया एकदम न देता चार हप्त्यांत, मातीआड करून, आणि वर भसाभसा पाणी न सोडता द्या. उकिरडा विहिरीपासून हलवा. तरी विहीर सुधारायला दोन-तीन पावसाळे जातील. बाळ तेवढं थांबणार नाही, म्हणून पाणी आधी बदला.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी पंचगंगेच्या बंधाऱ्याजवळ विरघळलेला प्राणवायू मोजला. 11.4 मिलीग्रॅम आला! सर म्हणाले, माशांना 4 पुरतो. म्हणजे नदी चांगलीच आहे ना? मग दर उन्हाळ्यात मासे का मरतात?
*विद्यार्थिनी, जयसिंगपूर*

अगं, किती वाजता गेली होतीस? कागदावर कोपऱ्यात 'दु. 2.15' असं बारीक लिहिलंयस, त्याबद्दल तुला पैकीच्या पैकी. कारण सगळं उत्तर त्या वेळेतच आहे.

तीस अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून मावेल तेवढा प्राणवायू म्हणजे साडेसातच्या आसपास. तुझा 11.4 हवेतून आलेलाच नाही. बंधाऱ्यात तुंबलेलं पाणी हिरवं होतं का? असणारच. नायट्रोजन आणि फॉस्फरस पोटभर मिळालेलं शेवाळ भर दुपारी ऊन खात होतं आणि प्राणवायू सोडत होतं. त्याच वेळी पीएच घेतला असतास तर तोही 9 कडं झुकलेला दिसला असता, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. रात्री हेच शेवाळ प्राणवायू ओढतं, तळाचा कुजका गाळ ओढतो, आणि पहाटेपर्यंत काय उरतं ते बघायला पहाटेच जावं लागतं. घरी विचारून, कोणाला तरी बरोबर घेऊन, साडेपाचला जा.

मी गेले होते. नव्वदच्या दशकातला एप्रिल होता, बंधाऱ्याचं नाव सांगत नाही. प्राणवायूची 300 मिलीची बाटली तू हाताळली आहेस, तेव्हा तुला समजेल. पाणी बुडबुडा न येऊ देता भरलं, मँगनीज सल्फेट टाकलं, अल्कली-आयोडाइड टाकलं, बूच लावून उलटसुलट केलं. प्राणवायू असला की तपकिरी साका येतो, गुळाच्या चहासारखा. त्या पहाटे साका आला तो पांढरा. दुधात लिंबू पिळावं तसा. मला वाटलं रसायनं खराब झाली. दुसरी बाटली भरली, पांढरी. तिसऱ्या वेळी बाटली सरळ आमच्या जीपमधल्या पिण्याच्या कॅनच्या पाण्यानं भरली, तपकिरी आली. म्हणजे रसायनं ठीक होती, नदीतच काही नव्हतं. टायट्रेशन करण्यासारखंच काही नव्हतं. उजाडलं तेव्हा काठावरून पाण्याकडं बघितलं तर बारीक चंदेरी मासळी तोंड वर करून हवा चापत होती, आणि नऊपर्यंत लोक बुट्ट्या घेऊन आले. मरळ मात्र शाबूत. तो वरची हवा घेतो, त्याला नदीची गरज कमी.

वरून मळीचं पाणी आलं होतं. कोणी सोडलं यावर तेव्हा पंचनामे झाले, त्यात मी पडत नाही. लोक म्हणाले विष सोडलं. विष म्हणायची गरजच नाही. मद्यार्काच्या कारखान्यातलं कच्चं सांडपाणी असं असतं की त्याच्या एका लिटरला कुजायला 40,000 मिलीग्रॅमच्या घरात प्राणवायू लागतो. नदीच्या लिटरभर पाण्यात असतो साडेसात. भागाकार कर. एक लिटर मळी पाच हजार लिटर नदी रिकामी करते. साखर आणि साखरेचे अवशेषच ते, जिवाणूंना मेजवानी. मासे गुदमरून मरतात. त्यात पीएच चढलेला असेल तर अमोनियमचा मोकळा अमोनिया होतो आणि तो कल्ल्यांना जाळतो, ते वेगळंच.

आमच्या भागात मळी म्हणजे नदीकाठची गाळाची रानं. माझ्या माहेरचं बारा गुंठे मळीचं रान होतं, वांगी व्हायची ती तिथली. आता 'मळी आली' म्हटलं की पोरं नाकाला रुमाल लावतात. शब्द तोच आहे.

तुझ्या प्रकल्पाचा तक्ता दर तीन तासांनी, चोवीस तासांचा कर. सर नाही म्हणाले तर माझं नाव सांग.

बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजतच नाही, कुकरच्या आठ शिट्ट्या होतात. नदीच्या नळाचं पाणी आलं की चारात मऊ. गीझरची कॉइल तर दर वर्षी बदलतो. कडकपणा 540 आहे.
*गृहिणी, मिरज*

कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला (पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला) घट्ट धरून बसतो, म्हणून. तुमच्या पाण्याचा बराचसा कडकपणा बायकार्बोनेटचा असेल तर पाणी आधी पाच-सात मिनिटं खळखळ उकळा, पांढरा साका खाली बसू द्या आणि वरचं निवळ घ्या. डाळ त्यात रात्रभर भिजवा. सोड्याची चिमूट काम करते, पण वरणाची चव जाते, मी घालत नाही. कॉइलला लिंबूसत्वाचं पाणी लावून ठेवा, चुना फसफसून निघतो. पाणी मऊ करणारं यंत्र घेणार असाल तर घ्या, पण त्याचं धुण्याचं पाणी परसातल्या कढीपत्त्याला घालू नका. त्यात मीठ असतं. वरचा शिरोळचा प्रश्न वाचा म्हणजे का ते कळेल.

तुम्ही तज्ज्ञ मंडळी कायम शेतकऱ्यालाच झोडता. युरिया, पाणी, सगळं आमच्याच माथी. शहरांची गटारं थेट नदीत येतात ती दिसत नाहीत का? जलपर्णी आमच्या खतावर वाढते का त्यांच्या घाणीवर?
*ऊसउत्पादक, हातकणंगले*

दोन्हीवर. रागावलात ते पटलं, म्हणून सरळ सांगते. नदीत जो फॉस्फरस आहे त्यात शहरांच्या सांडपाण्याचा, साबणाचा, मैल्याचा वाटा मोठा. कारण फॉस्फेटला माती घट्ट धरते, तुमच्या रानातून ते गाळाबरोबर पावसाळ्यातच येतं. गटार मात्र बारा महिने वाहतं. नायट्रेटमध्ये तुमचा वाटा मोठा. आणि आतड्यातले जिवाणू कोणत्याच खताच्या गोणीत नसतात, ते आले की माणूस किंवा जनावर आलं. भांडण अगदीच विकोपाला गेलं तर नायट्रोजनचे दोन समस्थानिक मोजून खत कोणतं आणि मैला कोणता, याचा बराचसा माग काढता येतो. खतातला नायट्रोजन हवेतून बनवलेला, त्यामुळं त्यात जड समस्थानिक हवेइतकाच. शेण-मैल्यातला बराचसा हलका अमोनिया होऊन उडून जातो आणि जड मागं राहतो. असं कोर्टात उभं राहता येईल असं काम जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होत नाही, पैसे लागतात.

पण खालच्या गावाच्या नळाला ही वाटणी समजत नाही हो. आणि तुमच्या एकरातली चाळीस पोती शहरानं टाकलेली नाहीत. आम्ही तज्ज्ञ मंडळी शहराला झोडत नाही हा आरोप मान्य. पुढच्या अंकात झोडते, तुमच्या नगरपालिकेचे शुद्धीकरणाचे आकडे मिळाले असतील तर पाठवा.

2019 च्या महापुरात नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झाला, म्हणजे नदी देवळात शिरून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी पादुकांवरून आलेलं पाणी बाटलीत भरून देवघरात ठेवलं. तेव्हा लालसर गढूळ होतं, आता काचेसारखं स्वच्छ आहे आणि वासही नाही. हा चमत्कार समजायचा का? आणि तीर्थ म्हणून घेतलं तर चालेल का?
*एक वाचक, कुरुंदवाड*

चमत्काराबद्दल सासूबाईंना विचारा, त्या माझ्यापेक्षा अधिकारी. गाळाचं सांगते. पुराच्या पाण्यात विरघळलेलं फार थोडं असतं आणि तरंगतं फार असतं. सह्याद्रीची तांबडी माती, रानांतली काळी माती. बारीक कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात, पण पाण्यात थोडा जरी कॅल्शियम असला तरी हळूहळू गुठळ्या होऊन तळाला बसतात. (तुमचं पाणी चोपण रानातून आलं असतं तर अजून गढूळच असतं.) कुजण्यासारखं जे होतं ते जिवाणूंनी पहिल्या काही आठवड्यांत संपवलं. देवघरात अंधार, म्हणून शेवाळही धरलं नाही. बूच एकदाही न उघडल्यामुळं वास यायला कारण उरलं नाही.

पण नितळ म्हणजे शुद्ध नव्हे. त्या पाण्यात अख्ख्या खोऱ्याचे उकिरडे, गोठे आणि शौचालयाचे खड्डे धुऊन आले होते. जिवाणू बहुतेक मेले असतील, पण 'बहुतेक'वर मी कोणाला तीर्थ देणार नाही. डोळ्याला लावा, तुळशीला घाला, पिऊ नका. माझ्या आईनेही पुराचं पाणी असंच ठेवलं होतं. ती गेल्यावर देवघर आवरताना बाटली हाती आली आणि ते पाणी 2005 च्या पुराचं की त्याच्या आधल्या कुठल्या वर्षाचं, ते सांगायला कोणी नव्हतं. तुमच्या बाटलीवर आजच तारीख आणि ठिकाण लिहून चिकटवा. पेन्सिलीनं लिहा, शाई पाण्यानं जाते.